तीन टिपके

दिलसुखनगर, हैदराबाद
१८ ऑक्टोबर १९९४

इंदू,

आशीर्वाद. तू घे नाहीतर परत पाठव, तिकीट लावून झालंय.

अक्षर बघून दचकू नकोस, मी म्हातारपणी शाळेत गेलेले नाही. हे अक्षर कुसुमताईंचं. हिमायतनगरला राहतात, सगळी नोकरी मराठी शाळेत केली. आम्ही दोघी दवाखान्यात एका बाकावर बसतो. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढून टाकली. त्यांना बोलता येत नाही, मला लिहिता येत नाही. दोघी मिळून एक धड बाई होते. नर्सशी, रिक्षावाल्याशी, कँटीनवाल्याशी त्यांच्या वतीनं मी भांडते आणि माझी पत्रं त्या लिहितात. गंमत अशी की लिहिलेलं त्या वाचून दाखवू शकत नाहीत आणि मला वाचता येत नाही. मी काय सांगितलं ते मला ठाऊक, कागदावर काय उतरलं ते त्यांना. मी थाप मारली की त्यांचं पेन थांबतं आणि त्या नुसत्या बघतात. उभा जन्म पोरांकडे बघून घडवलेली नजर आहे ती. आत्ताही थांबलं होतं. मी म्हटलं, "ताई, अजून तर मी सुरूही केलं नाही!"

तर दवाखाना. कॅन्सर हा शब्द तू तोंडातून काढत नाहीस हे मला माहीत आहे. इथं तो सगळे चहा म्हणावा तसा म्हणतात. पहिल्याच दिवशी एक बुरखेवाली बाई शेजारी येऊन उभी राहिली.

"अम्मा, तुम्हारा किधर का?"

"छाती का. तुम्हारा?"

"गले का."

"हौ? फिर बैठो ना, खडी कायको?"

झाली ओळख. नाव नंतर विचारलं. हॉलमध्ये रंगीत टीव्ही बसवलाय, गच्चीवर तबकडी लावलीय. चॅनेल इतके की रिमोट ज्याच्या हातात तो राजा. बाकी सगळे तोंड वर करून बघतात.

माझी डावी बाजू श्रावणात काढली. पाटीसारखी सपाट. भाग्यलक्ष्मीनं चोळीत कापसाची गादी शिवून दिली. आपली सून कामाला चांगली आहे, तेलुगू आहे एवढंच तुझं म्हणणं. पण कापूस फार उकडतो गं. मी तो काढला आणि तिथं माझी चंची ठेवते. पान, सुपारी, चुना, सुट्टे पैसे सगळं हाताशी. तंबाखू तेवढी डॉक्टरणीनं काढून घेतली. परवा बसमध्ये तिकिटाला पैसे काढायला गेले तर कंडक्टर बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला.

आता खरं काय ते. ओमकारनं देगलूरच्या एसटीडी बूथवरून फोन केला होता. म्हणाला, मावशी, आईच्या चोळीला डाग पडतात. चोळी ती कोणाला धुवायला देत नाही, चुलीमागं वाळत घालते. विचारलं तर म्हणते उष्णता आहे.

इंदू, उन्हाळाभर मीही उष्णताच म्हणत होते. सब्जा खाल्ला, गुलकंद खाल्ला. गाठीला गुलकंद फार आवडला असावा, कारण ती वाढली.

पोराला रागावू नकोस. मी रडेन म्हणून तो भीत होता, पण रडला तोच. मी नुसतं म्हटलं, बूथवाल्याचे पैसे वाढतायत, ठेव.

तू ये. एकदा दाखव. काही निघालं नाही तर परत जा आणि जन्मभर मला नावं ठेव, तुला सवय आहे.

तू मान नाहीतर नको मानू, तुझीच
आक्का


२८ ऑक्टोबर १९९४

इंदू,

उत्तर नाही. म्हणजे पत्र पोचलं. पोचलं नसतं तर ओमकारनं सांगितलं असतं.

तुझं उत्तर मीच लिहून घेऊ का? "गिरीशच्या लग्नात आमच्या ह्यांना फेटा बांधला नाही, त्या हैदराबादेत मी पाय ठेवणार नाही." बरोबर? ताईंना हे माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. माझ्या मुलाचं लग्न तेलुगू घरात झालं. त्यांच्याकडे मान मामाचा. मामाला त्यांनी वर बसवलं, शाल घातली, पाय धुतले, पुन्हा शाल घातली. मावशीच्या नवऱ्यालाही फेटा बांधायचा असतो हे त्यांच्या गावीही नाही. मी आत, विहिणीला कुंकू लावत बसलेले. नामदेवराव उघड्या डोक्यानं पंगतीत बसले आणि तसेच उठले. पानावर पुरणाचं गोल बूरेलु तसंच राहिलं. हिनंही हात धुतला आणि त्यांच्या मागून देगलूरच्या गाडीत बसली. ते शेवटचं.

नामदेवराव गेले, देव त्यांना सुखी ठेवो. पण त्यांचा रुसवा तू मंगळसूत्रासारखा जपून ठेवलास. मंगळसूत्र उतरवलंस, रुसवा गळ्यात आहेच.

ताई हसतायत. त्यांचं हसू असं, की खांदे हलतात आणि आवाज येत नाही. बघायला फार छान दिसतं.

मशीनचं सांगते, म्हणजे तुझ्या मनात भूत उभं राहायला नको. एक मोठी खोली असते, जाड दाराची. आत पलंग, वर मशीन. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा काढतात, उभ्या, आडव्या. त्या रेघांवर मशीन नेम धरतं. यादगिरी म्हणून एक पोरगेला मशीनवाला आहे, तो आपल्याला झोपवतो, म्हणतो, "अम्मा, हिलना नक्को," आणि बाहेर जाऊन दार लावतो. आत फक्त आपण. सख्खं कोणी चालत नाही, सून नाही, डॉक्टर नाही. मग घरघर होते. दुखत नाही, भाजत नाही. मी तेवढ्यात संध्याकाळच्या भाजीचं ठरवते. भाजी ठरली की दार उघडतं.

रेघांवर पाणी घालायचं नाही एवढाच जाच. मानेपासून कंबरेपर्यंत कोरडं. रोज ओल्या फडक्यानं हातपाय पुसते, कोंबडं पुसावं तशी. भाग्यलक्ष्मी न्हाणीघराच्या दारात पहारा देते. "अत्तम्मा, पाणी वर नको! वर नको!" अत्तम्मा म्हणजे सासूबाई. नळाचं पाणीसुद्धा तिला भिऊन हळू येतं.

गिरीशला मी दिवाळीत देगलूरला पाठवतेय. ऑफिसात कॉम्प्युटर आलेत, शिकायला जातो, थकून येतो. तरी म्हणाला, जातो. त्याच्याबरोबर फेटा देते, चांगला मऊ, गुलाबी. नामदेवरावांच्या फोटोला बांधा, हार घाला, पुढं पान वाढा. वर तुला साडी. पंगतीतून उठलेल्या माणसाला परत पंगतीला कसं बसवायचं ते मला दुसरं सुचत नाही.

मग काय कारण काढशील, ते बघायला मी टपलेय.

आक्का


७ नोव्हेंबर १९९४

इंदू,

गिरीश आला. सगळं सांगितलं त्यानं. फेटा तू डोळ्याला लावलास. फोटोला स्वतःच्या हातानं बांधलास, तिरपा झाला तर सोडून पुन्हा बांधलास. गिरीशला पोटभर जेवू घातलंस, सुनेला खण पाठवलास. सगळं पावलं. आणि म्हणालीस, "आक्काला सांग, मी बरी आहे. नंतर येते."

नंतर म्हणजे कधी गं? गुलकंद संपल्यावर?

थांब, आधी आमची दिवाळी ऐक, मग तुझ्यावर येते.

नरकचतुर्दशीला गिरीश तुझ्याकडे. सूनबाईला वाटलं, नवरा घरी नाही, सासूला सणाचं उणं वाटेल. तिनं शेजारच्या मराठी बाईंना विचारून उटणं आणलं. पहाटे दिलसुखनगरची लाईट गेलेली. पणती हातात घेऊन उभी.

"अत्तम्मा, उठा. तुमचं मराठी दिवाळी मी करते."

पाटावर बसले. तिनं कोमट तेल आणलं होतं. इंदू, इतक्या दिवसांत अंगाला तेलाचा हात लागला नव्हता. तिनं पाठ चोळली, खांदे चोळले, मग उटणं, मग गरम पाण्याचा तांब्यावर तांब्या. मला आठवायला हवं होतं. तिलाही आठवायला हवं होतं. पण मी डोळे मिटले होते, आणि ती इतकी मन लावून न्हाऊ घालत होती, की आई घालायची तसं वाटलं. लाईट आली, तिनं बघितलं आणि हातातला तांब्या खाली पडला. छाती कोरी. एक रेघ नाही.

"अय्यो! अत्तम्मा! मशीन आता कुठं मारणार?"

रडायलाच लागली. मी म्हटलं, "अगं, अंघोळच झाली ना? सासूला बुडवलं तर नाहीस?"

दवाखाना उघडला त्या दिवशी यादगिरीनं पदर बाजूला केला आणि कपाळाला हात लावला.

"अम्मा! मुग्गु किधर गया?" मुग्गु म्हणजे रांगोळी.

"दिवाली में धुल गया बेटा."

"सब लोगां दिवाली कू मुग्गु डालते. तुम धोके आए?"

डॉक्टर प्रियदर्शिनी आल्या. नातीच्या वयाची पोर, पण रागावली की आईसारखी. पुन्हा सगळी मापं घेतली. म्हणाल्या, आजीबाई, तुमच्यावर भरवसा नाही, आता धुऊन न जाणारं काहीतरी करते. सुई घेतली, शाई घेतली आणि तीन टिपके गोंदले. एक मधे, एक डावीकडे, एक काखेजवळ. निळे, मोहरीएवढे.

मी हूं की चूं केलं नाही. वाघिणीसारखी पडून होते.

ताईंचं पेन थांबलंय. थांबू दे, पुढं लिहा हो.

ते टिपके बघितले आणि मला तू आठवलीस. आपल्या गावच्या जत्रेत गोंदणारी बसायची, सुयांची जुडी घेऊन. आईनं दोघींना नेलं. मी आधी बसले, कोपरापासून मनगटापर्यंत तुळस काढून घेतली. मग तू बसलीस. तिनं एक टिपका टोचला आणि तू हात सोडवून जी पळालीस ती उसाच्या गाड्याखाली लपलीस. आई हाका मारून दमली. तुझ्या हातावर अजून तो एकच टिपका आहे. सासरी विचारलं तर सांगायचीस, जन्मखूण आहे.

तेव्हा इंदू, मला फेट्याचं सांगू नकोस. फेटा बांधून झाला. नामदेवराव जेवले, तृप्त झाले, त्यांची ढाल आता तुला नाही. राहिलीय ती फक्त सुई. तू भितेस. लहानपणी भ्यायचीस तशीच भितेस, आणि आता तुला लपायला उसाचा गाडा नाही म्हणून नवऱ्याच्या फोटोमागं लपलीस.

यात लाजण्यासारखं काही नाही. पण गाठ वाट बघत नाही गं. मी आता चेष्टा करत नाहीये.

आक्का

ता. क. हे माझं, कुसुमचं. चतुराबाईंना, म्हणजे तुमच्या आक्कांना, यातलं काही माहीत नाही आणि कळण्याचा मार्गही नाही, म्हणून धीर करते.

टिपके गोंदताना त्यांनी माझा हात धरला होता. सुई टेकायच्या आधीच त्या ओरडल्या. इतक्या मोठ्यानं, की हॉलमधली टीव्ही बघणारी माणसं उठून आली. यादगिरी म्हणाला, "अम्मा, अभी चालू भी नहीं किया." तीन टिपक्यांना तीनदा ओरडल्या. माझ्या मनगटावर त्यांची नखं उमटली आहेत.

आणखी एक. उपचाराच्या पहिल्या दिवशी त्या गेटातूनच परत फिरल्या होत्या. रिक्षात बसल्यासुद्धा. सून रिक्षामागं धावली आणि पुढच्या चौकात गाठून घेऊन आली.

त्या धीट नाहीत. मोठ्या आहेत, म्हणून तुमच्यासमोर धीट असल्यासारखं वागतात. बाकावर शेजारी चंची ठेवून एक जागा अडवतात. कोणी बसायला आलं की म्हणतात, "मेरी बहन आरी." गर्दी असते, लोक कुरकुरतात, तरी उठवू देत नाहीत.

माझा आवाज गेला आहे. म्हणून सांगते, मोठ्यानं ओरडता येणं ही फार चांगली गोष्ट आहे. इथं येऊन खुशाल ओरडा.


१८ नोव्हेंबर १९९४

इंदू,

ओमकारचा फोन आला. सोमवारच्या गाडीनं निघताय म्हणे. मी हो हो म्हटलं, फोन ठेवला, आणि सूनबाईला म्हटलं, मला चिमटा काढ. तिनं खरंच काढला. तेलुगू लोक सांगितलेलं ऐकतात.

पण ओमकार म्हणतो, पत्र वाचता वाचता तू हसलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मग पत्र घडी करून चोळीत घातलंस आणि म्हणालीस, पिशवी काढ. हसण्यासारखं मी काय लिहिलं होतं? मी तर चांगली रागावले होते. ताईंना विचारलं, तर त्या वर पंख्याकडे बघत बसल्या.

असो. येताना समोरून उघडणाऱ्या चोळ्या आण. जुनं मऊ लुगडं आण, दवाखान्यात नव्याचा उपयोग नाही. दातांचं दुखणं, सांध्यांचं दुखणं, सगळं एकदमच दाखवू. शेंगदाण्याची चटणी आणलीस तर डॉक्टरणीला तू माझ्यापेक्षा जास्त आवडशील.

आणि इंदू, बसमध्ये खिडकीशी बस. तुला गाडी लागते हे मी विसरले नाही.

आक्का


१ फेब्रुवारी १९९५

इंदू,

तू आत आहेस. तुझा आज मशीनचा पहिला दिवस. यादगिरीनं दार लावलं, वर लाल दिवा लागला. मी बाहेर बाकावर. माझा कोर्स संपला, तरी मी आलेय. कुसुमताईंची आज तपासणी आहे, त्याही शेजारी आहेत. आत तुझ्याशी बोलता येत नाही, म्हणून म्हटलं, ताई, कागद काढा. दार उघडेपर्यंत जेवढं होईल तेवढं. घरी गेल्यावर वाच.

तू बसमधून उतरलीस, माझ्या पाया पडलीस, आणि वर बघून पहिला शब्द काय बोललीस? "आक्का, तू ओरडलीस म्हणे!" मी ताईंकडे बघितलं. ताईंनी चष्मा पुसायला घेतला. बघ, शिकलेल्या बाईवर विश्वास ठेवला की असं होतं. आता हेही लिहितायत, खांदे हलवत.

गाठ वाईटच निघाली. ते तुला माझ्याआधी कळलं होतं, तुझ्या तोंडावर दिसत होतं. पण डॉक्टर प्रियदर्शिनी म्हणाल्या, वेळेत आलात, काखेत पसरलेलं नाही. मी देवाला हात जोडले आणि ओमकारनं डॉक्टरणीला. ऑपरेशन झालं. तुझी उजवी बाजू गेली. माझी डावी. आपण दोघी एकमेकींशेजारी उभ्या राहिलो तर ताईंशिवायसुद्धा एक धड बाई होते.

भाग्यलक्ष्मीनं तुझ्यासाठीही कापसाची गादी शिवली होती. तू म्हणालीस, उकडते. मग ट्रंक उघडून नामदेवरावांचा गुलाबी फेटा काढलास. फोटोवरून सोडून इथवर आणला होतास, मला बोलली नव्हतीस. त्याची एक पट्टी फाडून मऊ घडी केलीस आणि रिकाम्या जागी ठेवलीस. सूनबाई बघत होती. म्हणाली, "पिन्नम्मा, आता काकांना मान झाला?" मावशीला ते पिन्नम्मा म्हणतात. तू तिच्या गालावरून हात फिरवलास.

आणि काल ते टिपके. सुई बघितल्यावर तू उठून पळशील म्हणून मी दाराशी उभी राहिले होते, या वयात तुला कुठल्या गाड्याखालून ओढू? तू पळाली नाहीस. डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "आक्का, माझ्या वाटचं तू ओरड."

मग मी ओरडले. अगदी मनापासून. यादगिरी धावत आला, "अम्मा, अब तुमकू क्या हुआ?" मी म्हटलं, "मेरे कू कुछ नहीं. बहन का है." डॉक्टरणीचा हात हसून हलला, तुझा मधला टिपका जरा लांबट आलाय तो त्यामुळे. माझ्यावर ढकलू नकोस. बरं, ढकल.

घरी तू हातावरचा जुना टिपका आणि हे तीन शेजारी धरून बघत होतीस. तोच रंग. जत्रेतलं गोंदण एकदाचं पुरं झालं.

बाकावर गर्दी आहे. आत्ताच एकानं विचारलं, "अम्मा, ये जगा खाली है क्या?" मी म्हटलं, नहीं.

दिवा विझला. ताई, पेनाला टोपण घाला.

दार उघडलं. ये, बस. चंची उचलली.